स्कोप डोळ्यासाठी, सप्रेसर कानासाठी

भाचीच्या पहिल्या .२२ रायफलच्या निमित्तानं मामाचे कानमंत्र

पोरी, परवाना हातात आला आणि तू लगेच विचारलंस, ‘मामा, स्कोप कोणता घेऊ? सप्रेसर कोणता लावू?’ दुकानात या दोन वस्तूंवर रायफलपेक्षाही जास्त पैसे सहज खर्च होतात. म्हणून पाकीट उघडण्याआधी हे सगळं एकदा शांतपणे वाच. न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागोत माझं उभं आयुष्य मेंढ्या, मळे आणि ससे यांच्यात गेलं. जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच सांगतो.

सगळ्याचं सार आधीच सांगून ठेवतो. जनावर एका क्षणात गेलं पाहिजे आणि गोळी कुठं थांबणार हे बार काढण्याआधी तुला माहीत असलं पाहिजे. या दोन गोष्टींना मदत करणारं सामान चांगलं. बाकीचं दुकानातच राहू दे.

आधी काम ओळख

आपण इथं ससा मारतो ते हौसेसाठी नाही. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतकऱ्यांनी ससे खाण्यासाठी आणि शिकारीसाठी या देशात आणून सोडले. १८७० च्या दशकापर्यंत दक्षिणेकडच्या कुरणांची त्यांनी दैना केली आणि १८७६ साली सशांच्या बंदोबस्ताचा कायदा करावा लागला. पुढं ससे आवरायला विझल, स्टोट, फेरेट आणले, तर त्यांनी इथल्या न उडणाऱ्या पक्ष्यांचाच फडशा पाडला. १९९७ मध्ये काहींनी सशांच्या रोगाचा विषाणू बेकायदा आणून पसरवला. २०१८ मध्ये सरकारी परवानगीनं त्याच रोगाचा दुसरा वाण सोडला. तरीही ससा आहेच. ओटागोत जमिनीवरचे ससे ठरलेल्या पातळीच्या आत ठेवणं ही जमीन राखणाऱ्याची जबाबदारी आहे. ही पातळी १ ते ८ च्या मोजपट्टीवर मोजतात आणि ३ च्या वर जाऊ द्यायची नसते.

तुझ्या द्राक्षमळ्यात नव्या वेलींच्या खोडांची साल ससे कुरतडतात, म्हणून तुला रायफल घ्यावी लागली. हे शेतीचं काम आहे. ते नीट आणि जनावराला यातना न देता करायचं.

म्हणून खरेदीआधी एक संध्याकाळ मळ्यात नुसती फिर, हातात काही न घेता. ससे कुठं बसतात, किती अंतरावर दिसतात, त्यांच्या मागं काय आहे, ते वहीत मांड. घर, रस्ता, शेजाऱ्याचा गोठा, पाण्याचं तळं, शिस्ट खडकाचा उघडा कडा, सगळं नकाशात आलं पाहिजे. ओळींच्या टोकाला बहुतेक ससे ३० ते ६० मीटरवर दिसतील. एवढ्या अंतराला .२२ लाँग रायफल हे १८८७ पासून चालत आलेलं काडतूस पुरतं. शंभर मीटरपलीकडचे ससे रोज दिसत असतील तर .१७ एचएमआरचा विचार कर. त्याची गोळी जवळजवळ दुप्पट वेगानं जाते आणि मार्ग सपाट राहतो, पण वाऱ्यानं हलते आणि आवाजही मोठा होतो. घरांच्या जवळ .२२ च बरी.

काडतूस आधी, स्कोप नंतर

स्कोप आणि सप्रेसर दोन्ही काडतुसाच्या चाकरीत असतात. .२२ मध्ये मुख्य दोन जाती लक्षात ठेव. वेगवान काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३७५ मीटरनं निघते. सबसॉनिक काडतुसाची सुमारे ३२० मीटरनं. ध्वनीचा वेग वीस अंश सेल्सिअसला सुमारे ३४३ मीटर असतो. त्याच्यापेक्षा जोरात जाणारी गोळी वाटभर हवा फाडत जाते आणि चाबकासारखा कडाड आवाज करते. हा आवाज नळीच्या तोंडाशी होत नाही, म्हणून कोणताही सप्रेसर तो थांबवू शकत नाही. मळ्यात सप्रेसर लावायचा असेल तर सबसॉनिकच घे.

दुकानदार कधी ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ लिहिलेली पेटी पुढं करतो. ती उन्हाळ्यात गप्प राहते. पण अलेक्झांड्रा-क्रॉमवेलकडच्या हिवाळ्यात, पहाटे पारा शून्याखाली गेला की ध्वनीचा वेगच ३३० मीटरच्या आसपास उतरतो आणि तेच काडतूस कडाडायला लागतं. जूनमधल्या थंडीसाठी पेटीवरचा वेग वाचून घे.

सबसॉनिकचा आणखी एक गुण फार जणांना ठाऊक नसतो. आडव्या वाऱ्यात ती वेगवान .२२ पेक्षा कमी ढळते. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो. वेगवान गोळी तिथं आपला बराच वेग गमावून बसते, आणि गोळी जितकी जास्त अडखळते तितका वारा तिला जास्त ढकलतो. नॉर्वेस्टर वारा सुटला की हा फरक जाणवतो.

तीन-चार कंपन्यांची सबसॉनिक काडतुसं थोडी थोडी घे. ५० मीटरवर पाच-पाच गोळ्या मारून बघ. पाचही गोळ्या अडीच सेंटीमीटरच्या वर्तुळात बसवणारी जात तुझ्या रायफलला मानवली असं समज आणि तिचीच मोठी पेटी घे. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. किमतीवरून ती कळत नाही.

स्कोप: किती पट, किती मोठा

स्कोपवर ४×३२ लिहिलेलं असतं. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भाग. बत्तीस भागिले चार म्हणजे आठ. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. त्यामुळं दिवेलागणीच्या वेळी, जेव्हा ससे बाहेर पडतात, हा साधा ४×३२ तुला पुरेसा प्रकाश देतो. पण ४० मिलिमीटरचा स्कोप ९ पटीवर नेलास तर झोत साडेचार मिलिमीटरच्या खाली येतो आणि चित्र काळवंडतं. जास्त पट म्हणजे जास्त दिसणं, हा समज संध्याकाळी खोटा ठरतो.

मळ्यातल्या .२२ साठी २ ते ७ पट किंवा ३ ते ९ पटीचा, ३२ ते ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप घे. बारा, सोळा, चोवीस पटीचे स्कोप कागदी निशाणावर शोभतात. मळ्यात त्यांचं दृश्यक्षेत्र इतकं चिंचोळं होतं की वेलींच्या रांगेत ससा शोधतानाच वेळ जातो. शिवाय हाताचा प्रत्येक थरकाप मोठा होऊन दिसतो आणि मन घाबरं होतं.

पॅरॅलॅक्सबद्दल दुकानदाराला स्पष्ट विचार. डोळा भिंगामागं जरा इकडं-तिकडं सरकला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकल्यासारखे दिसतात, तो हा दोष. मोठ्या रायफलींचे स्कोप १०० यार्ड किंवा त्याहून लांबच्या अंतराला बेतलेले असतात. तुझ्या .२२ सारख्या रिमफायर रायफलींसाठी बनवलेले ५० यार्डांच्या आसपास. तीस-चाळीस मीटरच्या अंतरावर मोठ्या रायफलचा स्कोप लावलास तर गालाची जागा जरा बदलली तरी नेम चुकतो. एक तर रिमफायरचा स्कोप घे किंवा बाजूला किंवा पुढं पॅरॅलॅक्सचा खटका असलेला घे.

क्रॉसहेअर बाहेरून जाड आणि मध्यभागी बारीक असलेले बघ. अंधारून आलं की बारीक रेघ गवतात हरवते, जाड पट्टे मात्र डोळ्याला मध्याकडं नेतात. मध्यावरचा छोटा लाल ठिपका उपयोगी पडतो, पण त्याचा उजेड अगदी मंद करता आला पाहिजे. प्रखर ठिपक्यानं बाहुली आकसते आणि ससा दिसेनासा होतो.

खुणांची शिडी असलेले क्रॉसहेअर घेतलेस तर एक गोष्ट विचारून घे. पट बदलताना खुणा निशाणाबरोबर लहान-मोठ्या होतात की नाहीत? होत असतील तर खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या. होत नसतील तर त्या एकाच पटीवर खऱ्या, आणि ती पट तुला तोंडपाठ हवी.

स्कोप दुकानाच्या दिव्याखाली कधी पारखू नकोस. त्या उजेडात सगळेच स्वच्छ दिसतात. संध्याकाळी दुकानात जा आणि नुसता स्कोप घेऊन दुकानदाराबरोबर दाराबाहेर ये. झाडाखालच्या सावलीत, कुंपणाच्या बुंध्याशी बघ. गवताची पाती वेगळी दिसतात का? कडेला चित्र धूसर होतं का? मग स्कोपवरचे नेम जुळवायचे खटके फिरव. प्रत्येक क्लिक बोटाला स्वच्छ जाणवला पाहिजे. पाव कोनीय मिनिटाचा क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर हलवतो, ५० मीटरवर त्याच्या निम्मा. दशांश मिलचा क्लिक १०० मीटरवर बरोबर एक सेंटीमीटर. दोन्ही चांगले. तुला हिशोबाला जो सोपा वाटेल तो घे.

आणि हे कधी विसरू नकोस. स्कोप हा लांबचं बघायचं साधन नाही. स्कोपमधून जे बघशील त्याच्यावर तुझी नळी रोखलेली असते. शेजारी, कुत्रा, शेतमजूर, ‘हे काय हलतंय’ म्हणून कधीही रायफल उचलायची नाही. गळ्यात ८×३२ ची साधी दुर्बीण ठेव. आधी दुर्बिणीनं ओळख, खात्री झाली की मगच रायफल खांद्याला लाव. स्कोपचे पैसे थोडे कमी करून दुर्बीण घ्यावी लागली तरी घे.

बसवणं आणि झीरो करणं

चांगला स्कोप वाईट कड्यांत बसवला तर तो वाईटच. बऱ्याच .२२ रायफलींच्या पाठीवर ११ मिलिमीटरची खोबण असते, काहींवर रुंद पट्टी. कडी त्या खोबणीला जुळणारी हवी. स्कोपची नळी एक इंची आहे की ३० मिलिमीटरची तेही बघ. स्कोप जितका खाली बसेल तितका बरा, फक्त बोल्टची मूठ आणि पुढचं भिंग कुठं अडू नये. खाली बसला की गाल दस्त्यावर नीट टेकतो.

सगळ्यात मोठ्या पटीवर, रायफल खांद्याला लावून, डोळे मिटून गाल ठेव. डोळे उघडल्यावर पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप पुढं-मागं सरकव. मग स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे, मापाच्या पान्यानं आवळ. जोर लावून आवळशील तर नळी चेपते.

झीरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी लागायची जागा जुळवताना, सप्रेसर लावलेला असला पाहिजे आणि काडतूस तेच असलं पाहिजे, जे मळ्यात वापरणार. सप्रेसरचं वजन नळीच्या टोकाला येतं आणि गोळी लागायची जागा बदलते. काडतूस बदललं की ती पुन्हा बदलते. आधी २५ मीटरवर कागदावर आण, मग ५० मीटरवर बारीक जुळव. एका गोळीवरून खटका फिरवायचा नाही. तीन किंवा पाच गोळ्यांचा गट मारायचा आणि गटाच्या मध्यावरून हिशोब करायचा.

सबसॉनिक ५० मीटरला झीरो केलीस, स्कोप नळीच्या चार सेंटीमीटर वर असला, की साधारण असं दिसेल: १० मीटरवर गोळी सेंटीमीटरभर खाली, २५ वर सेंटीमीटरभर वर, ७५ वर चार बोटं खाली आणि १०० मीटरवर जवळजवळ वीतभर खाली. म्हणजे ५० आणि १०० मध्ये एका वितीचं अंतर. सशाच्या डोक्यात नेमकी लागायची जागा तीनेक सेंटीमीटरची. अंतराचा अंदाज दहा मीटरनं चुकला तर लांबच्या सशाला ती जागा सापडत नाही आणि तो जखमी होऊन बिळात जातो. म्हणून सबसॉनिक .२२ ची माझी हद्द ६० मीटर. तुझीही तीच ठेव. प्रत्येक अंतरावर स्वतः कागदावर मारून बघ आणि तुझे आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लाव.

नेम नुसत्या स्कोपवर ठरत नाही. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य आणलं. दोघांच्या रायफलमध्ये हेच .२२ काडतूस होतं आणि रायफलवर वस्तू मोठी करून दाखवणारा स्कोप नव्हता. गालाची जागा, श्वास, चापावरचं बोट, हे सगळं रोज करून अंगी येतं. स्कोप त्याला मदत करतो, त्याची जागा घेत नाही.

सप्रेसर: काय करतो, काय करत नाही

चाप ओढल्यावर तीन आवाज होतात. नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या तप्त वायूचा धमाका, वेगवान गोळीचा कडाड आणि रायफलच्या यंत्राची खटखट. सप्रेसर फक्त पहिला कमी करतो. आतल्या पडद्यांमधून वायू थांबत-थांबत, गार होत बाहेर पडतो. हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन अभियंत्यानं १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

आपण तो कानासाठी लावतो. साध्या .२२ चा वेगवान बार कानाशी सुमारे १४० डेसिबलपर्यंत जातो, आणि अशा अचानक आवाजांसाठी तीच धोक्याची रेषा मानतात. सबसॉनिक आणि सप्रेसर मिळून तो बराच खाली, १२० च्याही आत येतो. .२२३ सारख्या मध्यम रायफलचा बार १६० च्या वर असतो. सप्रेसर लावूनही तो १४० च्या आसपास राहतो, म्हणून तिथं कानावर मफ हवेच. कानात एकदा शिट्टी सुरू झाली की ती जन्मभर जात नाही. तुझ्या पायाशी बसणाऱ्या कुत्र्यालाही कान आहेत. शेजारच्या घरातल्या लेकरांची झोप आणि मेंढ्यांची शांतता, हेही सप्रेसर लावण्याचं कारण.

लपण्यासाठी सप्रेसर वापरायचा नाही. मळ्यात कधी बार काढणार ते शेजाऱ्याला आधी सांगायचं. आवाज कमी झाला म्हणून ही जबाबदारी उलट वाढते, कारण त्याला आता बार ऐकू येणार नाही.

निवडताना ही पारख कर.

आटे बघ. इथल्या बऱ्याच .२२ रायफलींच्या तोंडावर अर्धा इंच व्यासाचे, इंचाला वीस आटे असतात. अमेरिकन धाटणीच्या रायफलींवर अठ्ठावीस. दिसायला सारखे, पण जोर लावून फिरवलंस तर नळी आणि सप्रेसर दोन्ही बाद होतात. रायफल घेताना आट्यांचं माप लिहून घे.

सप्रेसर रिमफायरसाठीच आहे याची लेखी खात्री कर. रिमफायरचा हलका सप्रेसर .२२३ वर लावला तर तो फुटू शकतो. व्यास सारखाच वाटतो, पण दाब कित्येक पटींनी जास्त असतो.

उघडता येणारा घे. रिमफायरचं काडतूस घाण करतं. मऊ शिसं आणि काजळी पडद्यांवर साचत जाते. बंद डबा असेल तर तो आतून जड होत जातो आणि एक दिवस कामाचा राहत नाही. उघडून पडदे बाहेर काढता येणारा सप्रेसर पिढ्यानपिढ्या चालतो.

वजन आणि लांबी हातात धरून बघ. .२२ साठी ॲल्युमिनियम पुरतं. टायटॅनियमचे पैसे इथं वाया जातात, ते मोठ्या रायफलला. .२२ ची दारू १६ इंची नळीत जळून जाते, म्हणून आखूड नळी आणि छोटा सप्रेसर ही जोडी वेलींच्या रांगेत वळायला हलकी पडते.

सरळपणा गनस्मिथकडून तपासून घे. आटे जरा वाकडे असले तर गोळी पडद्याला घासते, नेम बिघडतो आणि सप्रेसरही जातो. गनस्मिथ मापाची सळई घालून काही मिनिटांत सांगतो.

बोल्ट रायफल घे. अर्ध-स्वयंचलित रायफल बार काढताना यंत्र उघडते, आवाज आणि वायू तोंडाकडं फेकते, आणि कित्येकदा सबसॉनिक काडतुसावर पुरी फिरतही नाही. बोल्ट गप्प असतो आणि तुला पुढच्या गोळीआधी विचार करायला वेळ देतो.

पहिला बार थोडा मोठा वाजला तर घाबरू नकोस. आतल्या हवेतल्या प्राणवायूमुळं पहिल्या वेळी उरलेला वायू आतच पेटतो. पुढचे बार शांत होतात.

निगा

दर काही बारांनंतर, रायफल रिकामी करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सप्रेसर हातानं चाचपून बघ. बार काढता काढता तो हळूहळू सैल होतो. सैल सप्रेसरच्या पडद्याला गोळी लागते.

घरी आल्यावर सप्रेसर काढून ठेव. आत पाण्याची वाफ आणि काजळी असते. लावलेलाच ठेवून रायफल उभी केलीस तर ती ओल नळीत उतरून गंज धरते. सप्रेसर उघडून सुकू दे.

साफ करताना शिशाची धूळ उडवायची नाही. हातमोजे घाल, ओल्या फडक्यानं पूस, नंतर हात साबणानं धू. ते काम स्वयंपाकघरात कधी करायचं नाही. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात पडदे बुडवण्याचा सल्ला कोणी देईल. त्यातून शिशाचं विषारी संयुग तयार होतं आणि ॲल्युमिनियमही खाल्लं जातं. तो सल्ला ऐकू नकोस.

स्कोपच्या भिंगावर आधी मऊ ब्रश, मग फडकं. ओटागोच्या धुळीत बारीक दगडाची भुकटी असते. कोरडं फडकं घासलंस की भिंगावर ओरखडे पडतात. थंड पहाटे बाहेर गारठलेली रायफल एकदम उबदार गाडीत घेऊ नकोस, भिंग धुरकट होतं. आणि गाडीतून खड्ड्याच्या रस्त्यानं आणली की कामाआधी कागदावर एक गट मारून झीरो तपास.

रात्र आणि थर्मल

आजकाल सगळे थर्मल स्कोपचं नाव घेतात. रात्री ससा दिव्यासारखा उजळून दिसतो हे खरं. पण थर्मल फक्त उष्णता दाखवतो. गवताआडची मांजर, कुत्र्याचं पिल्लू, वाकून काम करणारा माणूस, सगळेच उजळ ठिपके. मागचं तारेचं कुंपण किंवा घराची भिंत त्यात धड कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी दिवसा आणि संध्याकाळी काम कर. मळ्याची प्रत्येक ओळ ओळखीची झाली की मग हातात धरायचा थर्मल घे, रायफलवरचा नको. तो शोधायला वापर. सरकारी संवर्धनक्षेत्रात रात्री दिवा लावून शिकार करायला बंदी आहे, हेही लक्षात ठेव.

.२२ ची गोळी लहान म्हणून दुर्लक्ष नको. मोकळी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाते. पाण्यावर, गोठलेल्या जमिनीवर, शिस्टच्या खडकावर ती उसळते. सशामागं मातीचा चढ दिसला तरच बार. आभाळाच्या रेषेवर बसलेला ससा कितीही सोपा वाटला तरी सोडून द्यायचा.

कायदा आणि सीमा

इथं सप्रेसरला वेगळा परवाना लागत नाही. पण रायफलची नोंद रजिस्टरमध्ये हवी आणि रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत. परीक्षेला पाठ केलेले सुरक्षेचे सात नियम परवान्याबरोबर संपत नाहीत. त्यातला ‘निशाण संशयापलीकडं ओळख’ हा नियम रोज सकाळी मनात म्हण.

सीमेपलीकडं कायदे बदलतात. ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी सप्रेसर सामान्य माणसाला बाळगताच येत नाही. भारतात तो निषिद्ध शस्त्रसाहित्यात मोडतो आणि वन्यजीवांची शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे. तिथल्या भावंडांना हे सामान भेट म्हणून पाठवायचा विचारही मनात आणू नकोस. भारतात घरी जायच्या आधी जॅकेटचे खिसे, पाठपिशवीचे कप्पे, बूट, मोजे झाडून बघ. विमानतळावर सामानात एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. मळ्यात वापरायचं जॅकेट प्रवासात घालायचंच नाही, हा सोपा नियम कर.

सशाचं मांस खायचं असेल तर त्या जमिनीवर विषारी गाजरं किंवा पिंडोन हे विष टाकलं होतं का ते शेजाऱ्यालाही विचार. खात्री नसेल तर खायचं नाही.

पैशाचा क्रम

आता दुकानात जायचा क्रम. पहिले पैसे तिजोरीला. मग साधी, भरवशाची बोल्ट रायफल. मग हातातली दुर्बीण. मग चांगल्या कड्या आणि रिमफायरचा मध्यम स्कोप. मग उघडता येणारा सप्रेसर. आणि प्रत्येक महिन्याला काडतुसांसाठी बाजूला काढलेली रक्कम, कारण कागदावर सराव केल्याशिवाय यातल्या कशाचाही उपयोग नाही. पैसे कमी पडले तर सप्रेसर पुढच्या हंगामात घे, तोवर कानावर मफ लाव. स्कोप जुना चालेल, पण खटके खरे चालतात का हे कागदावर तपासून घे: वीस क्लिक वर, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं, आणि शेवटची गोळी पहिल्याच्या जागी आली पाहिजे.

मळ्यात पहिल्यांदा जाशील तेव्हा पाच काडतुसं घेऊन जा, पन्नास नको. थोडी काडतुसं जवळ असली की माणूस बार जपून काढतो. ससा साठ मीटरच्या आत, स्थिर बसलेला, मागं मातीचा चढ, आणि तुझा श्वास शांत. या चारही गोष्टी जुळल्या तरच चाप. एकही कमी असेल तर बोल्ट उघड आणि घरी ये. ससा उद्याही तिथंच असेल, तोवर तू तुझ्या कागदावर आणखी एक गट मार.